श्यामच्या हातातल्या मुंग्या

श्याम माझा धाकटा भाऊ. गेल्या हिवाळ्यात गेला. तुम्हा सगळ्या विट्याकडच्या माणसांना श्यामराव म्हणजे कलकत्त्याला सोनं गाळणारा, जत्रेला आला की पोरांना संदेश ही बंगाली मिठाई वाटणारा, एवढंच ठाऊक. तिकडं तो कसा होता ते मी शेवटची दोन वर्षं जवळून बघितलं. ते सांगावंसं वाटतं. माझी शाळा चौथीपर्यंत, म्हणून जसं बोलते तसंच फोनवर टिपते, चुकलं तर समजून घ्या.

लहानपणापासून तो थोडा हरवलेला. वेडा नव्हे हां. जेवताना घास हातात धरून कुठंतरी बघत बसायचा, आई म्हणायची, अरे श्याम परत ये, भाकरी गार झाली. गलाईच्या, म्हणजे सोनं गाळायच्या, कामाला लागला तेव्हा सगळ्यांना वाटलं, हा भाजून घेणार. पण भट्टीपुढं मात्र तो जागा असायचा. जुने दागिने वितळवायचे, मळ काढायचा, आणि शेवटी शेवटी त्या तापलेल्या गोळ्यावरनं रंगांच्या लाटा पळतात आणि एकदम एक उजेड चमकून निवतो. श्याम म्हणायचा, आक्का, सोनं डोळा उघडतं बघ तेव्हा. तेवढं बघायलाच तो इतकी वर्षं बऊबाजारच्या त्या अंधाऱ्या गल्लीत बसला, असं मला तरी वाटतं.

बायको वासंती लवकर गेली. मुलगी वृंदा तेव्हा लहान. कलकत्त्याच्या बेहाला भागात ज्यांच्या घरात भाड्यानं राहायचे त्या घरमालकीण काकीमांनी पोरीला भात भरवून मोठी केली. त्यामुळं वृंदाची मराठी बाप संध्याकाळी घरी आल्यावर मिळेल तेवढीच. हात, पाय, दात, सगळं तिच्या तोंडात बाई होऊन जातं. "बाबा, तुझी हात दाखव." श्याम म्हणायचा, "माझी हात भात खातेय, मग दाखवते." काकीमा आणि अख्खी गल्ली तिला ब्रिंदा म्हणते, तीही स्वतःला कधीकधी ब्रिंदाच म्हणते. आता ती खूप शिकलीय. अंड्यातल्या कोंबडीच्या पिल्लाच्या नसा काचेच्या ताटलीत वाढवते. रक्ताच्या नसा नव्हेत, ज्यांनी आपल्याला शिवलेलं टोचलेलं कळतं त्या. त्या नसा वाट कशी शोधतात ते ती बघत बसते. हे काम असतं आणि याचा पगार मिळतो, हे पटायला मला वेळ लागला. श्यामला लगेच पटलं. तोही बघत बसणाराच ना.

तर एका संक्रांतीच्या सुमाराला दुकानात तेजाबाची, म्हणजे ॲसिडची, रिकामी बाटली धुताना ती त्याच्या हातातच फुटली. उजवं मनगट आतल्या बाजूनं चिरलं. रक्त थांबलं, पण आतली नस तुटलेली. डॉक्टरांनी भिंगाखाली बघत शिवली. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट, तिन्ही बधिर. मी गावाकडं एकटीच, आमचे हे गेलेले, मुलगा पुण्याला. बॅग भरली आणि कलकत्त्याला आले.

आले तेव्हा श्याम गच्चीवर उन्हात बसला होता. उजवा हात मांडीवर उताणा ठेवलेला, जसं कुणी आपलं मूल थोडा वेळ सांभाळायला देऊन गेलंय.

म्हणाला, "आक्का, याला काही कळत नाही गं. धर बघ."

मी मधलं बोट धरलं. ऊब होती की चांगली. तो दुसरीकडं बघत होता.

"धरलंस का?"

मी म्हटलं, "धरलंय की."

"बरं," म्हणाला.

त्याला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, या बोटांना परत कळायला लागेल का. न कळणाऱ्या बोटांनी भट्टीपुढं बसता येत नाही. चिमटा कधी निसटला ते समजत नाही, कातडी भाजली तर वासानं समजतं. दुकान आमचा चुलतभाऊ उदय बघत होता, पोटापाण्याचं अडलं नव्हतं. पण भट्टीशिवाय श्याम म्हणजे नुसता हरवलेलाच श्याम राहिला असता. त्याला परत ये म्हणणारी आईही आता नव्हती.

सरस्वती पूजा झाली त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची गोष्ट. खाली गल्लीत पोरं मंडप सोडत होती, बांबू आपटल्याचे आवाज वर येत होते. वृंदा बापाजवळ बसून सांगत होती, डॉक्टरांनी शिवलं म्हणजे नस जोडली असं नाही. कापाच्या पुढची जुनी तार मरून जाते, तिची नळी तेवढी राहते. मागून नवी तार उगवते आणि त्या नळीतून बोटांपर्यंत चालत जाते.

"चालत?" श्यामनं विचारलं.

"चालत. रोज सुईच्या टोकाएवढी. गेली तर."

मग तिनं फोनवर आम्हाला तिच्या ताटलीतली एक नस दाखवली. काळ्या पडद्यावर एक बारीक धागा आणि धाग्याच्या टोकाला तळहात. खरंच तळहात हो. बारीक बोटं पुढं काढायचा, चाचपायचा, एखादं बोट पटकन मागं घ्यायचा. बाळ पाळण्यात हात हलवतं ना, तसं. श्याम श्वास धरून बघत होता.

"याला डोळे नाहीत. मग कुठं जायचं ते कळतं कसं?"

"तिच्या कातडीवर रिसेप्टर असतात बाबा."

"मराठीत सांग."

वृंदा जरा अडली. मराठी तिला हुडकून आणावी लागते. मग म्हणाली, "कातडीवर खाचा असतात. वेगवेगळ्या. वाटेतल्या पेशी काही ना काही सोडत असतात, ते ज्या खाचेत बसायचं तिथंच बसतं. आत नाही जात, दारातच राहते. पण आत निरोप जाते."

"निरोप जातो," श्याम म्हणाला. "आणि आत कोण असतं निरोप घ्यायला?"

तिनं कठड्यावरनं खाली बोट दाखवलं. "ती पोरं बघ. समज मंडपाच्या दारात कुणी येऊन म्हणालं, इकडं या. निरोप आत गेला. आतली पोरं त्या बाजूला नवे बांबू बांधतात आणि मागचे सोडतात. परत पुढं बांधतात, मागचे सोडतात."

"म्हणजे मंडपच चालायला लागला की."

"हो. तसंच चालते ती."

"आणि दारात येऊन कुणी नको म्हणालं तर?"

"तर त्या बाजूचे बांबू पाडतात आणि वळतात. नको म्हणणारे पण पाहिजेत बाबा, नाहीतर ती कुठंही भटकेल. बागबाजारला जुन्या काळी तुमच्यासाठी खंदक खणलेली ना, मराठ्यांनो इकडं येऊ नका म्हणून. तसं."

श्याम इतका हसला की काकीमा जिन्यावरनं डोकावल्या. म्हणाला, "खणून काय झालं गं? आलोच की. आणि बसलोय त्यांचंच सोनं गाळत."

तेव्हापासून त्याला ती स्वप्नं पडायला लागली. सकाळी चहा घेताना मला सांगायचा, अगदी कालच्या बाजारात कोण भेटलं ते सांगावं तसं. "आक्का, मंडप अजून मनगटापाशीच आहे. धुकं फार आहे तिथं. बारकी बारकी माणसं आहेत, सुतळी दातात धरून गाठी मारतात. दिवे लावलेत त्यांनी." मी विचारायची, देव कुठला बसवलाय? तो विचार करून म्हणायचा, "अजून मोकळाच आहे. मूर्ती वाटेत येऊन बसणार असेल."

रविवारी तो मला गंगेच्या घाटावर न्यायचा. हिवाळ्यात सकाळी तिथं पलीकडचं काही दिसत नाही, पाणी पण दिसत नाही, नुसता दुधासारखा उजेड. आत कुठंतरी लाँच भोंगा देते, घाटावरचा माणूस घंटा वाजवतो, परत भोंगा, परत घंटा, आणि मग त्या पांढऱ्यातनं लाँच हळूच येऊन बरोबर धक्क्याला लागते. श्याम उजवा हात शालीत गुंडाळून बघत राहायचा. एकदा म्हणाला, "हिच्या पण अंगावर खाच आहे बघ, घंटेच्या मापाची." लोक उतरले, लोक चढले, लाँच परत त्या दुधात गेली. आम्ही आपले बसलेलो.

बोटांचा व्यायाम घ्यायला तपनबाबू घरी यायचे. जाड माणूस, फार बोलका. श्यामला बोर्गीदादा म्हणायचे. बोर्गी म्हणजे जुन्या काळी इथं लुटायला येणारे आपले घोडेस्वार, अजून त्यांची नावं सांगून इथं पोरं झोपवतात.

"की बोर्गीदादा, आज काय लुटलं? बोटात झिंझि धरते का?"

"नाही धरत."

"जरा पण नाही?"

"नाही हो."

तपनबाबू तोंडानं चुकचुक करायचे. मला तेव्हा झिंझि म्हणजे काय माहीत नव्हतं. श्यामनं आपल्या मनानं धरलं होतं की झिंझि म्हणजे झिणझिण्या, कोपर दाराला आपटल्यावर सणकन जाते तशी कळ. तो तिची वाट बघत होता. वृंदाही रोज तेच विचारायची, बाबा झिंझि आली की लगेच सांग. कारण नवी तार चालायला लागली की पहिलं लक्षण तेच. ते आलं नाही तर ज्येष्ठात इथला जमाई षष्ठीचा सण झाला की मनगट परत उघडायचं आणि पायातली एक नस काढून तिथं लावायची, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. श्याम त्याला फार घाबरला होता. म्हणायचा, "हात गेला तो गेला, आता पायाचा पण तुकडा द्यायचा. आणि तीही नस चालली नाही तर?"

वैशाखात भावकीतलं लग्न निघालं म्हणून मी गावी गेले. तुम्हाला आठवत असेल, मुग्धाचं लग्न, मंडपात मी एकटीच हसत होते, चार बांबू बघितले तरी मला वाटायचं हे आता चालायला लागणार.

परत आले तर घराचं काहीतरी झालेलं. श्यामच्या पलंगाच्या चारी पायांभोवती खडूच्या जाड रेघा. साखरेचा डबा पाण्याच्या ताटलीत उभा. हिमसागर आंब्यांची टोपली छताच्या कडीला टांगलेली, पंख्याच्या वाऱ्यावर हळूहळू फिरत होती. उंबऱ्यावर हळद. आणि श्याम पलंगावर मधोमध, खडूच्या आत, बेटावर बसल्यासारखा. हाताला साबणाचा वास मारत होता.

मी म्हटलं, "काय रे हे? कुणी करणी केली का?"

वृंदा कोपऱ्यात गुडघ्यावर बसून फटीत खडू घासत होती. "आत्या, बाबाच्या हाताला मुंग्या येतात. दोन आठवडे झाले. आंबा खाते आणि नीट धूत नाही. चावल्या तरी त्याला कळत नाही ना."

"तू बघितल्यास?"

"मी धावत येते तेव्हा गेलेल्या असतात. फार हुशार आहेत."

मी श्यामकडं बघितलं. तो म्हणाला, "मला वाटलं पोरगी घर साफ करतेय. चांगलं आहे की, म्हटलं करू दे."

"अरे, पण मुंग्या येतात हे तपनबाबूंना सांगितलंस?"

"त्यांना कशाला? ते झिंझि विचारतात. ती काही आली नाही." मग आवाज बारीक करून म्हणाला, "आणि मुंग्या येणं वाईटच ना आक्का. आपल्या तात्याकाकांच्या हाताला आधी मुंग्या आल्या, मग अख्खं अंग गेलं. मी कशाला बोलून दाखवू? घरात एकदा सहज तोंडातनं गेलं तर हिनं साबण आणला."

मला आधी हसू आलं, मग आलं नाही. मी वृंदाला म्हटलं, "अगं बाई, मुंग्या म्हणजे मुंग्या नव्हेत. पाय दुमडून खूप वेळ बसलीस की पायाला काय होतं?"

"झिंझि धरते."

"आम्ही त्याला मुंग्या आल्या म्हणतो."

वृंदा तशीच बसून राहिली, खडू हातात. पंखा फिरत होता, टोपली फिरत होती. मग उठून रेघ ओलांडून आली आणि बापासमोर बसली.

"बाबा, तुझी हात दे. डोळे मीट."

श्यामनं डोळे मिटले. तिनं त्याच्या बोटाच्या टोकापासून मागं मागं टिचक्या मारायला सुरुवात केली, हलक्या, पिकलं फळ बघतात तशा. बोटाच्या टोकाला काही नाही. पेरावर काही नाही. बोटाच्या बुडाशी काही नाही. मी खिडकीचा गज धरून उभी. तळहाताच्या मध्यावर ती आली आणि टिचकी मारली.

"आल्या," श्याम म्हणाला.

"कुठं?"

"तू मारतेस तिथनं निघाल्या आणि मधल्या बोटाकडं पळाल्या. शेजारच्या पण बोटाकडं. बघ, अजून जातायत."

"आणि इथं?" तिनं मनगटावर मारली.

"तिथं कमी. महिन्यापूर्वी तिथंच जास्त होत्या, कापापाशी. मग खाली उतरल्या."

वृंदाच्या नाकाचं टोक लाल झालं. तिनं परत मारली, परत मारली, आणि श्याम दर वेळी, आल्या, आल्या, असं हळूच म्हणत होता, अंगणात पाखरं उतरताना बघतो तसा.

"त्या मुंग्या म्हणजे तीच तार आहे बाबा. नवी असते ना, अजून अंगावर पांघरूण नाही, म्हणून टिचकी मारली की ओरडते. ती तळहातापर्यंत आलीय. तुझी हात चालतेय."

श्यामनं तिची मराठी सुधारली नाही. त्यानं डोळे उघडले नाहीत. मग म्हणाला, "मंडप तळहातावर आला म्हणजे. मला स्वप्नात मैदान दिसत होतं खरं. मला काय माहीत, ते माझंच आहे."

डॉक्टरांनी पण टिचक्या मारून बघितलं आणि ऑपरेशन नको म्हणाले. पाय वाचला. तपनबाबूंना सगळं सांगितलं तेव्हा ते जिन्यात बसून हसले, पोट धरून. मग त्यांनी विचारायचंच बदललं. बंगालीत मुंगीला पिंपडे म्हणतात. आल्या आल्या खालूनच हाक, "बोर्गीदादा, पिंपडे कुठवर पोचले?" आणि हा वरनं ओरडणार, "दुसऱ्या पेरावर." काकीमांना पण सवय झाली. त्या भाजी घ्यायला चालल्या तरी विचारून जायच्या. खडूच्या रेघा मात्र श्यामनं पुसू दिल्या नाहीत बरेच दिवस. म्हणाला, राहू दे, शोभा आहे.

दुर्गापूजेच्या आधी अंगठ्याच्या टोकाला कळायला लागलं. पहिल्यांदा गार कळलं, मग खरखरीत. वृंदा त्याचे डोळे बांधायची आणि हातात काहीबाही द्यायची, तांदूळ, तागाचा दोरा, मखमलीचा तुकडा, तिची स्वतःची वेणी. वेणी त्यानं लगेच ओळखली. म्हणाला, "ही दोरी चांगली आहे, तेल लावलंय."

पण एक गंमत झाली. मधल्या बोटाला हात लावला की त्याला अंगठ्याला लावल्यासारखं वाटायचं. शेजारच्या बोटाचं कधी बरोबर, कधी नाही. वृंदानं सांगितलं, पुढं मेलेल्या तारांच्या नळ्या खूप होत्या, काही नव्या तारा चालत चालत शेजारच्याच नळीत शिरल्या. या म्हणणारे सगळ्या नळ्यांच्या दारात उभे असतात, आणि नसेला बिचारीला बोलावलं की जायचं एवढंच माहीत. ती म्हणाली, हे सगळं बरोबर होणार नाही बाबा, सवयीनं थोडं होईल. तिला वाईट वाटत होतं. श्यामला नाही वाटलं. म्हणाला, "घर चुकलं असेल, पण गल्लीत तर आली ना."

दिवाळीनंतर तो भट्टीपुढं बसला. मीही गेले होते त्या दिवशी. चिमटा धरायचा, मध्येच थांबून बोटांकडं बघायचा, कुठलं बोट काय सांगतंय ते ठरवायचा आणि मग पुढं. आधीपेक्षा हळू, पण धरला. गोळ्यावर रंग पळाले, तो तिकडं बघत होता, मी त्याच्याकडं बघत होते. नंतर स्वप्नं बंद झाली त्याची. मी विचारलं तर म्हणाला, "पोचला बहुतेक मंडप. आता दिसत नाही." जरा चुकल्यासारखं वाटलं त्याच्या आवाजात.

अख्खं एक वर्ष त्यानं काम केलं. मग गेल्या हिवाळ्यात छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात नेलं. वृंदा डॉक्टरांशी बोलायला बाहेर गेली होती, मी एकटीच त्याच्याजवळ. दुपार होती, पडद्यातनं ऊन येत होतं. त्याचे डोळे मिटलेले, तोंडावर मास्क, श्वास लांब लांब. मला वाटलं तो आता परत हरवला, लहानपणी हरवायचा तसा. मी त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट धरलं आणि हळू चोळत बसले.

बऱ्याच वेळानं मास्कच्या आतनं म्हणाला, "आक्का, अंगठा सोड गं. गुदगुल्या होतात."

मी मधलंच बोट धरलं होतं. सोडलं नाही. त्याचा अंगठा जरासा वाकला आणि माझ्या मुठीवर येऊन राहिला.